संशयाचा फायदा : दोन नियमग्रंथांचें परीक्षण

मासिकांकडे अभिप्रायार्थ येणारीं पुस्तकें बहुधा कवितेचीं, कादंबरीचीं, फार तर एकाद्या चरित्राचीं असतात. सरकारी नियमांचीं पुस्तकें कोणी अभिप्रायार्थ पाठवीत नाहीं. आणि पाठविलीं, तरी हें काम वकिलांचें असें म्हणून आपण तीं बाजूस सारूं. परंतु सामान्य कुटुंबाच्या योगक्षेमावर ज्या वाक्यांचा खरोखर परिणाम होतो, तीं वाक्यें पुष्कळदां याच पुस्तकांत असतात. कवीची ओळ फसली तर वाचक पान उलटतो. नियमाची ओळ फसली तर तिचे परिणाम एकादें घर वर्षानुवर्षें भोगीत राहतें. तेव्हां शब्दांची पारख करण्यांत ज्यांचा जन्म गेला, त्यांनीं केव्हां तरी या गद्याकडेही पाहावें, असें वाटून आम्हीं आज दोन नियमग्रंथ परीक्षणास घेतले आहेत. एक अमेरिकेचा आहे, दुसरा आपला. दोहोंचा विषय एकच. सैन्यांत असतांना ज्याचें शरीर किंवा मन दुखावलें, त्यास सरकारनें काय द्यावें, किती द्यावें, आणि तें ठरवितांना संशय उत्पन्न झाल्यास कोणाचें म्हणणें खरें धरावें, हा तो विषय होय.

आम्हांस हा विषय ग्रंथालयांत सुचलेला नाहीं. कांहीं महिन्यांपूर्वीं सातारा जिल्ह्यांतील एक निवृत्त हवालदार आमच्या घरीं आले. त्यांचा मुलगा आमचा जुना विद्यार्थी. उच्च रक्तदाबामुळें वैद्यकीय मंडळानें २००३ सालीं त्यांस मुदतीपूर्वींच सेवेंतून मोकळें केलें होतें. प्लॅस्टिकच्या पिशवींत जपून ठेवलेलें एक इंग्रजी पत्र त्यांनीं आमच्या हातीं दिलें. अपंगत्वाबद्दलच्या निवृत्तिवेतनाची त्यांची मागणी त्या पत्रानें नाकारली होती. ‘मुलानं वाचून दावलं, पर म्हणाला, अर्थ सरांना इचारा,’ असें ते म्हणाले. पत्रांतील कामाचें वाक्य एकच होतें : सदर विकार लष्करी सेवेमुळें उद्भवलेला नाहीं व सेवेमुळें बळावलेलाही नाहीं.

आम्हीं तें वाचलें, मराठींत सांगितलें, आणि वर आपल्या पदरचें असेंही सांगून टाकलें कीं, हवालदारसाहेब, हें प्रकरण आतां संपलेलें दिसतें. त्या इंग्रजीचा थाटच असा निर्णायक होता. हवालदारांनीं पत्राची घडी घातली आणि जातां जातां इतकेंच विचारलें : ‘सर, भरती झालो तवा डोक्यापासून पायापतोर तपासून घेतलं हुतं. तवा कायबी न्हवतं. मग ह्ये दुखणं आलं कुठनं?’

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं. तें शोधण्याकरितां आम्ही नियम वाचूं लागलों, आणि वाचतां वाचतां आम्हांस स्वतःच्याच घाईची लाज वाटूं लागली. ती कां, तें पुढें येईलच.

प्रथम अमेरिकन ग्रंथाकडे वळूं. तो प्रथम घेण्याचें कारण असें कीं, मनुष्याच्या हानीचें टक्क्यांत मोजमाप करण्याचा प्रयत्न त्यांत फार तपशीलानें केला आहे. सैनिकाच्या अपंगत्वाचें कोष्टक असावें असें तेथील कायद्यानें १९१७ मध्यें, म्हणजे पहिलें महायुद्ध चालू असतांनाच, ठरविलें. पहिलें कोष्टक १९२१ मध्यें तयार झालें. आजचा ग्रंथ १९४५ च्या आवृत्तीच्या पायावर उभा आहे. त्यांतील एकेक प्रकरण वेळोवेळीं बदललें गेलें, तरी इमारतीचा आराखडा तोच राहिला. शरीराचा प्रत्येक अवयव, प्रत्येक रोग यांस क्रमांक आहे, आणि प्रत्येक क्रमांकापुढें शून्यापासून शंभरापर्यंत, दहादहाच्या पायऱ्यांनीं, टक्के लिहिलेले आहेत. गुडघ्याखालीं पाय तोडावा लागला व कृत्रिम पाय बसविण्याजोगा भाग उरला, तर ४० टक्के. कामाचा, म्हणजे बहुतेकांचा उजवा, पंजा निकामी झाला तर ७० टक्के; दुसरा झाला तर ६० टक्के.

हे टक्के कशाचे? वेदनेचे नव्हेत, शौर्याचेही नव्हेत. कायदा सांगतो कीं, नागरी व्यवसायांत कमाई करण्याची जी शक्ति असते, तींत अशा व्यंगानें सरासरीनें जी घट येते, तिचें हें माप आहे. ‘सरासरीनें’ हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. त्याच्यावरून त्या देशांत एकदां मोठा वाद होऊन गेला आहे. १९२४ च्या कायद्यानें सरासरी बाजूस ठेविली आणि भरती होण्यापूर्वीं ज्याचा जो धंदा होता त्याच्या दृष्टीनें हानि मोजावी असें ठरविलें. वरवर पाहतां हें अधिक न्याय्य वाटतें. बोट गेल्यानें व्हायोलिन वाजविणाऱ्याचें जितकें नुकसान होतें तितकें हमालाचें होत नाहीं, हें कोणासही पटेल. परंतु अठरा वर्षांच्या पोराचा धंदा कोणता धरावयाचा? जो पोर युद्धावर गेला नसता तर वैद्य किंवा इंजिनिअर झाला असता, त्यास भरतीच्या दिवशीं तो शेतमजूर होता म्हणून मजुराच्या मापानें मोजणें हा न्याय कीं अन्याय? १९३३ मध्यें तो प्रयोग सोडून देण्यांत आला आणि सरासरी परत आली.

प्रथमदर्शनीं सरासरीचें तत्त्व निर्दय भासतें, कारण त्यांत मनुष्याचा चेहरा दिसत नाहीं. आम्हांसही तें तसेंच भासलें. पुढें विचार केल्यावर मात्र त्यांतील एक दया आमच्या ध्यानांत आली. सरासरीनें मोजलेला मनुष्य स्वतःच्या उद्योगानें सरासरीच्या वर चढला, तर त्याची शिक्षा म्हणून त्याचे टक्के कापले जात नाहींत. एक पाय गेलेला सैनिक पुढें चांगला हिशेबनीस झाला, तरी त्याचे ४० टक्के तसेच राहतात. आमच्या वाचकांच्या परिचयाचें उदाहरण द्यावयाचें तर सांगली जिल्ह्यांतील श्री. मुरलीकांत पेटकर यांचें देतां येईल. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून ते कायमचे अपंग झाले, आणि १९७२ मध्यें हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेंत ५० मीटर पोहण्याच्या शर्यतींत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. जो नियम अशा माणसास ‘तुम्ही पोहूं शकतां, तेव्हां तुमची हानि कमी झाली’ असें म्हणेल, तो जिद्दीवर कर बसविणारा नियम होय. सरासरीचें तत्त्व हा कर बसवीत नाहीं, आणि ही त्याची मोठी जमेची बाजू आम्ही समजतों.

याच ग्रंथांतील बेरजेचा नियम मात्र प्रत्येक अर्जदारास चकित करतो. समजा, एका माणसास तीन व्यंगें आहेत : एक ६० टक्क्यांचें, एक ४० चें, एक २० चें. आपण सरळ बेरीज करून १२० म्हणूं. ग्रंथ म्हणतो, मनुष्य शंभराहून अधिक नाहीं, तेव्हां तो शंभराहून अधिक गमावूं शकत नाहीं. म्हणून प्रथम ६० काढा, उरले ४०. दुसऱ्या व्यंगाचे ४० टक्के हे या उरलेल्या ४० चे, म्हणजे १६. आतां गेले ७६, उरले २४. तिसऱ्याचे २० टक्के या २४ चे, म्हणजे पांचाला थोडे कमी. एकूण ८१, आणि जवळची दहाची पायरी धरून अखेरचा आंकडा ८०. तर्क निर्दोष आहे. परंतु या तर्काच्या पोटांत एक गृहीत लपलेलें आहे, आणि समीक्षकानें दाखवावयाचें तें हेंच. दुसरें दुःख उरलेल्या माणसावर पडतें म्हणून तें लहान होतें, असें हें गणित मानतें. अनुभव पुष्कळदां उलट असतो. ज्याचा एक डोळा आधींच गेला आहे, त्याचा दुसरा मंदावला तर ती हानि लहान नसते, मोठी असते. ग्रंथकारांस याची जाणीव मुळींच नव्हती असें नाहीं. दोन्ही हात किंवा दोन्ही पाय दुखावले असल्यास थोडी भर घालावी, अतिशय मोठ्या हानीस वेगळा विशेष भत्ता द्यावा, अशीं कलमें त्यांत आहेत. पण तीं ठिगळें आहेत. वस्त्राची वीण बेरजेच्या नियमाचीच आहे.

मनाच्या दुखण्यांपाशीं तर या ग्रंथाची भाषाच बदलते. सांधा किती अंश वळतो हें मोजतां येतें. भीति किती अंश वळते हें कसें मोजावें? युद्धाच्या आघातानें होणाऱ्या मनोविकारास आजचें नांव वैद्यकीय वर्गीकरणांत १९८० मध्यें मिळालें. १९९६ मध्यें मनोविकारांसाठीं जें सूत्र लागू झालें, त्यांत ०, १०, ३०, ५०, ७० व १०० एवढ्याच पायऱ्या ठेवल्या होत्या, आणि प्रत्येक पायरीपुढें आंकड्याऐवजीं वर्णन होतें : झोप कशी आहे, स्मृति कशी आहे, माणसांशीं पटतें कीं नाहीं, कामावर टिकतां येतें कीं नाहीं. येथें अर्जदारास एक विलक्षण काम करावें लागतें. ज्या गोष्टी तो बायकोलाही सांगत नाहीं, त्या त्याला परक्या परीक्षकापुढें नियमाच्या शब्दांत सांगाव्या लागतात. अब्रूनें राहणारा मनुष्य ‘कसें काय आहे?’ या प्रश्नास ‘बरें आहे’ असें उत्तर देतो, आणि त्या एका शिष्टाचारानें त्याची पायरी खालीं येते.

असें असलें, तरी आंकडा हा या विषयाचा गाभा नव्हे, असें आमचें मत दोन्ही ग्रंथ वाचून झालें आहे. आपल्याकडेही आंकडे आहेत. आपल्या नियमांत अपंगत्व सामान्यतः २० टक्के किंवा अधिक असल्यासच निवृत्तिवेतनाचा तो भाग मिळतो. १९९६ पासून आपल्याकडे आंकडे वर नेऊन गोळा करण्याची पद्धति आली : ५० हून कमी असल्यास ५० धरावे, ५० ते ७५ असल्यास ७५, त्यापुढें १००. वैद्यकीय मंडळें एकाच व्यंगास निरनिराळे आंकडे देतात, तेव्हां दोनपांच टक्क्यांच्या वादांत कोणाचें नुकसान होऊं नये, हा त्यांतील सुज्ञपणा होता. परंतु हा लाभ मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांस नाकारला जात असे. तो सर्वोच्च न्यायालयानें २०१४ मध्यें त्यांसही दिला. हें सर्व महत्त्वाचें आहे. पण तें दुसऱ्या दाराच्या आंतलें आहे. पहिल्या दाराशींच विचारलें जातें कीं, हें दुखणें सैन्याचें कीं तुमचें? तेथें ‘तुमचें’ असें उत्तर आलें, तर शंभर टक्के अपंगत्वही कामास येत नाहीं. आणि हें उत्तर पुष्कळदां निश्चित नसतें. रोग कशानें झाला हें वैद्यास नेहमींच सांगतां येत नाहीं. तेव्हां नियमग्रंथाची खरी परीक्षा येथें होते : जेथें कोणासच खात्री नाहीं, तेथें संशयाचा फायदा कोणास मिळतो?

अमेरिकन पद्धतींत दावा करणारास सामान्यतः तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : आज दुखणें आहे, सेवेंत असतांना कांहीं घडलें होतें, आणि या दोहोंचा एकमेकांशीं संबंध आहे. तिसरी गोष्ट अवघड. ती सांगतांना तेथील वैद्य एक ठराविक वाक्प्रयोग वापरतात. त्याचा मराठींत अर्थ असा : संबंध असण्याचा संभव नसण्याच्या संभवाइतका तरी आहे. हें वाक्य आम्हांस फार अर्थपूर्ण वाटलें. त्यांत खात्रीचा आव नाहीं. तराजूचीं दोन्ही पारडीं समान राहिलीं, तरी माप सैनिकाच्या पदरांत पडावें, अशी कायद्याची आज्ञा आहे, म्हणून वैद्यास एवढें म्हणणें पुरतें. १९९० मध्यें तेथील माजी सैनिकांच्या न्यायालयानें हें तत्त्व समजावितांना मुलांच्या बेसबॉलच्या खेळांतील संकेताचा दाखला दिला. चेंडू व धावणारा एकाच क्षणीं पोंचले तर धावणाराच पोंचला असें धरतात, तसेंच हें आहे.

या तत्त्वाची कसोटी एका आगीनें पाहिली. १२ जुलै १९७३ रोजीं सेंट लुई येथील सरकारी दफ्तरखान्यास आग लागली आणि सैनिकांच्या सेवेचीं सुमारें १ कोटि ६० लाख ते १ कोटि ८० लाख दप्तरें जळून गेलीं. त्यांच्या नकला नव्हत्या. म्हणजे पुष्कळ म्हाताऱ्या सैनिकांपाशीं आपण कोठें होतों, कोणत्या इस्पितळांत पडलों होतों, याचा पुरावाच राहिला नाहीं. तेथील न्यायालयानें काय म्हटलें? कागद सरकारच्या ताब्यांत असतांना गेले. तेव्हां अशा दाव्यांत सरकारवरची कारणें देण्याची व संशयाचा फायदा विचारांत घेण्याची जबाबदारी कमी होत नाहीं, उलट वाढते.

याचा अर्थ अमेरिकेंत सर्व आलबेल आहे असा वाचकांनीं करून घेऊं नये. १९८८ पर्यंत तेथें अशा निर्णयाविरुद्ध न्यायालयांत जाण्याची वाट जवळजवळ बंदच होती, आणि वकिलानें अशा कामाबद्दल दहा डॉलरांहून अधिक घेऊं नये असा १८६४ पासूनचा नियम चालू होता. लुबाडणाऱ्या वकिलांपासून सैनिकांस वाचविण्याकरितां केलेला हा नियम, दहा डॉलरांची किंमत उरली नाहीं तेव्हां, त्यांस वकिलापासूनच दूर ठेवूं लागला. व्हिएतनामच्या जंगलांवर १९६२ ते १९७१ या काळांत झाडें मारणारीं विषारी द्रव्यें फवारलीं गेलीं. तेथून आलेल्या सैनिकांस अनेक रोग झाले. पण कोणत्या दिवशीं किती विष अंगांत गेलें हें कोण सिद्ध करणार? विशिष्ट रोग त्या फवारणीमुळेंच झाले असें गृहीत धरणारा कायदा १९९१ मध्यें आला, म्हणजे फवारणी थांबल्यानंतर वीस वर्षांनीं. मधल्या काळांत जे मेले, त्यांस त्या कायद्याचा उपयोग नव्हता. इराक व अफगाणिस्तान येथील छावण्यांत उघड्या खड्ड्यांतून कचरा जाळीत असत; त्या धुरानें होणाऱ्या रोगांबद्दल असेंच व्यापक गृहीत २०२२ च्या कायद्यानें मान्य केलें. तेव्हां उशीर तेथेंही झाला. पण प्रत्येक वेळीं वाद संपला तो एकाच रीतीनें : सिद्ध करण्याचें ओझें एकट्या माणसाच्या खांद्यावरून उचलून.

आतां आपला ग्रंथ. तो उघडण्यापूर्वीं आमची समजूत अशी होती कीं, उदारपणा अमेरिकन नियमांत असेल व कोरडेपणा आपल्यांत. ही समजूत साफ चुकीची ठरली. अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाची पात्रता ठरविण्यासाठीं आपल्या सरकारनें १९८२ मध्यें जे नियम केले, ते या एका बाबतींत अमेरिकन ग्रंथास हार जाणारे नाहींत. त्यांत म्हटलें आहे कीं, भरतीच्या वेळीं ज्या व्यंगाची नोंद झाली नाहीं तें व्यंग त्या वेळीं नव्हतें, सैनिक धडधाकट होता, असें धरावें. आणि पुढें त्यास प्रकृतीच्या कारणानें काढावें लागलें, तर प्रकृति सेवेमुळेंच ढासळली असें धरावें. पात्रता सिद्ध करण्यास अर्जदारास सांगूं नये. वाजवी संशयाचा फायदा त्यास द्यावा. आणि रणक्षेत्रांत किंवा जहाजावर असलेल्यास तो अधिक मोकळ्या हातानें द्यावा. रोग भरतीच्या तपासणींत दिसण्याजोगाच नव्हता असें वैद्यांचें मत असेल, तर तें मत त्यांनीं कारणें नमूद करून द्यावें.

हीं कलमें वाचतांच आमचे हवालदार आमच्या डोळ्यांपुढें उभे राहिले. भरतीच्या वेळीं डोक्यापासून पायांपर्यंत तपासलें, तेव्हां कांहीं नव्हतें, मग हें आलें कोठून, हा त्यांचा प्रश्न म्हणजे १९८२ च्या नियमांचें पांचवें कलमच होय. तें त्यांनीं कधीं वाचलें नव्हतें; परंतु न्यायाचें मूळ त्यांस ठाऊक होतें. आणि इंग्रजीच्या प्राध्यापकानें मात्र पत्रांतील वाक्याच्या रुबाबास भुलून ‘प्रकरण संपलें’ असें सांगितलें होतें.

तें वाक्य आतां पुन्हा पाहूं. विकार सेवेमुळें उद्भवलेला नाहीं, सेवेमुळें बळावलेलाही नाहीं. दोन निराळ्या गोष्टी त्यांत नाकारल्या आहेत. दुखणें सेवेनें निर्माण केलें, ही एक; दुखणें मूळचें असेल, पण सेवेच्या धकाधकीनें तें वाढलें, ही दुसरी. दोहोंपैकीं कोणतीही एक खरी असली तरी सैनिक पात्र ठरतो. म्हणून दोन्ही नाकारणें हा मोठा दावा आहे, आणि मोठ्या दाव्यास आधार लागतो. पण वाक्यांत ‘कारण’ हा शब्द नाहीं. कोणी ठरविलें, कशावरून ठरविलें, काय पाहिलें, याचा पत्ता नाहीं. आमच्या एकाद्या विद्यार्थ्यानें कवितेविषयीं असें बिनकारणी मत लिहिलें असतें, तर आम्हीं त्यास गुण दिले नसते. माणसाच्या उपजीविकेविषयीं असें वाक्य लिहिलें गेलें, आणि आम्हीं त्यास पुरे गुण दिले.

हा केवळ आमचाच शोध नव्हे. १९८५ मध्यें भरती झालेला सिग्नल्स कोअरमधील एक शिपाई फेफऱ्याच्या विकारामुळें १९९४ मध्यें सेवेंतून काढला गेला. अपंगत्व २० टक्के ठरलें. पण विकार मूळ प्रकृतींतला आहे, सेवेशीं संबंध नाहीं, एवढा शेरा मारून निवृत्तिवेतनाचा तो भाग नाकारला गेला. उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनीं दिलेलें खंडपीठानें काढून घेतलें. अखेर २०१३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें निकाल शिपायाच्या बाजूनें दिला. भरतीच्या वेळीं कोणतीही नोंद नाहीं, मंडळानें कारणें दिलीं नाहींत, आणि सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर नाहीं, हें न्यायालयानें नियमांतूनच दाखवून दिलें. नवा कायदा लागला नाहीं. जुना नियम वाचावा लागला, एवढेंच. तो वाचला जाण्यास एकोणीस वर्षें लागलीं.

येथें वाजवी आक्षेप असा आहे कीं, रक्तदाब काय, मधुमेह काय, हे कारकुनासही होतात व प्राध्यापकासही. सैन्यांत असतांना झालें म्हणून प्रत्येक दुखणें सैन्याचें कसें? सरकारी पैसा लोकांचा पैसा आहे. खरा जखमी मागें राहून चतुर अर्जदार पुढें जाण्याची भीति खोटी नाहीं. या आक्षेपाचा मान राखून आम्ही इतकेंच म्हणतों कीं, संशयाचा फायदा म्हणजे विवेकास रजा नव्हे. गृहीत खोडून काढण्याची मोकळीक नियमानें सरकारला दिलेलीच आहे. मंडळानें सांगावें कीं, या माणसाची नेमणूक अशी होती, काम असें होतें, रोगाची सुरुवात अशी झाली, म्हणून सेवेचा संबंध दिसत नाहीं. असें सकारण उत्तर मिळाल्यास सैनिकास त्याचें खंडन तरी करतां येतें. बिनकारणी वाक्याचें खंडन करतां येत नाहीं. त्याच्यापुढें फक्त मान खालीं घालतां येते. शिवाय कारकून आणि शिपाई यांत एक भेद आहेच. कारकुनानें प्रकृति जपावी असें कोणी म्हटलें, तर तें त्याच्या हातीं आहे. शिपायाची झोप, अन्न, हवा, घरापासूनचें अंतर हीं सर्व दुसऱ्याच्या हुकुमानें ठरतात.

१९८२ चे नियम पुढें बदलले. २००८ च्या नियमांत सिद्ध करण्याचा भार सामान्यतः अर्जदारावर नाहींच. परंतु सेवा सोडून पंधरा वर्षें झाल्यावर, म्हणजे ठरलेल्या मुदतीनंतर सेवेचे कागद नष्ट केले गेल्यावर, मागणी आली, तर तो भार अर्जदारावर पडेल, असें कलम आलें. २०२३ मध्यें आणखी नवे नियम आले आणि ते २१ सप्टेंबर २०२३ नंतर सेवा सोडणारांस लागू झाले. आम्हांस २००८ च्या त्या कलमापाशीं थांबावेंसें वाटतें, कारण दोन ग्रंथांची तुलना तेथें आपोआप होते. सेंट लुईचे कागद अपघातानें जळले, आणि न्यायालय म्हणालें कीं सरकारची जबाबदारी वाढली. येथें कागद नियमानुसार, सरकारच्याच हातानें नष्ट होतात, आणि कलम म्हणतें कीं ओझें सैनिकानें उचलावें. ज्याच्यापाशीं कागद कधीं नव्हतेच, त्यानें कोठून आणावे? उशिरा येणाऱ्या दाव्यांस कांहीं मर्यादा असावी हें आम्हांस मान्य आहे. परंतु उशीर पुष्कळदां आळसानें होत नाहीं. कोणी तरी एक इंग्रजी वाक्य वाचून दाखवितो, ‘संपलें’ म्हणतो, आणि माणूस वीस वर्षें तें खरें मानून बसतो.

एकंदर अभिप्राय द्यावयाचा तर आम्ही असा देऊं. टक्क्यांच्या गणितांत अमेरिकन ग्रंथ अधिक पद्धतशीर आहे. आंकडे वर नेऊन गोळा करण्याच्या बाबतींत आपला व्यवहार अधिक सुटसुटीत आहे. संशयाच्या प्रश्नावर दोन्ही मूळ ग्रंथ सारखेच उदार आहेत, आणि दोन्ही देशांत तो उदारपणा अंमलांत आणण्यास न्यायालयांस मध्यें पडावें लागलें. दोष ग्रंथांत थोडा आहे. अधिक आहे तो वाचणारांत : मंडळांत, कचेऱ्यांत, आणि आमच्यासारख्या शिकलेल्या शेजाऱ्यांत. पुण्यास अपंग सैनिकांकरितां १९४४ पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे, खडकीस १९७४ पासून पाठीच्या कण्याच्या जखमांनीं लुळे झालेल्या सैनिकांचें पुनर्वसन केंद्र आहे. या संस्था पाहून आम्हां मध्यमवर्गीयांचें मन भरून येतें, आम्ही देणग्याही देतों. परंतु सैनिकाच्या हातांतील कागद लक्षपूर्वक वाचून देणें हीही एक देणगी आहे, आणि तिला फक्त वेळ लागतो.

हवालदारांस आम्हीं पुन्हा बोलावून घेतलें आणि आधीं आमची चूक कबूल केली. मग सेवेचे जे जे कागद त्यांच्यापाशीं होते ते लावून नवा अर्ज तयार केला. भरतीच्या वेळचा वैद्यकीय दाखला मागविण्याची विनंति त्यांत केली. आणि मंडळानें आपल्या मताचीं कारणें दाखवावीं, अशीही विनंति केली. त्यांचा मूळ प्रश्न, त्यांच्याच शब्दांच्या शक्य तितका जवळ राहून, आम्हीं अर्जाच्या पहिल्या परिच्छेदांत घातला आहे. सही करतांना ते म्हणाले, ‘सर, ह्या वक्ताला उत्तर आलं की मीच वाचून बघतो. न्हाईच समजलं तर मग येतो.’ अर्ज गेला आहे. उत्तर यावयाचें आहे.